बाळंतविड्यासाठी लोकरीचे बूट, टोपरं आणि बंडी: ओलं फेल्टिंग पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

बाजारात "लोकरीचे" म्हणून मिळणारे बाळाचे बूट, टोपरी, स्वेटर घरी आणल्यावर आतली पट्टी वाचा. बहुतेकांवर ॲक्रिलिक लिहिलेलं असतं. ॲक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकचाच धागा. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही. बाळाचे पाय उबदार राहतात आणि घामेजत नाहीत, ते त्यामुळे. ती लवकर पेटही घेत नाही. म्हणून बाळंतविड्यात एक तरी वस्तू खऱ्या लोकरीची असावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती घरी करता येते, ओल्या फेल्टिंगने, म्हणजे साबणाच्या गरम पाण्यात चोळून लोकरीचं घट्ट कापड (फेल्ट) करून. सुया नकोत, माग नको. विणकाम येत नसलं तरी काही अडत नाही. लोकर, गरम पाणी, साबण आणि दोन हात पुरतात.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, साबणाचं पाणी आणि घर्षण मिळालं की ते उघडतात, तंतू एकमेकांत सरकत जातात आणि परत फिरू शकत नाहीत. लोकरीचं स्वेटर चुकून गरम पाण्यात पडलं की आटून घट्ट होतं, तेही यामुळेच. फेल्टिंगमध्ये हे आटणं आपण ठरवून, मोजून करतो. मध्य आशियातल्या भटक्या पशुपालकांचे तंबू अशा फेल्टचे असतात, काश्मीर आणि कच्छमधले नमदे, म्हणजे अंथरायचे जाड गालिचे, असेच होतात, आणि आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीपासून दाबून केलेलं जेन हे अंथरूणही याच जातीचं.

खाली सांगितलेला क्रम मोडू नका. नवखी मंडळी तिसरी पायरी, म्हणजे नमुना, गाळतात आणि बाळाचे बूट बाहुलीला घालायची वेळ येते.

१. आधी लोकर ओळखा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. मराठीत आपण विणायच्या कुठल्याही गुंड्याला लोकर म्हणतो, त्यामुळे दुकानदारही खोटं बोलत नसतो. पण ॲक्रिलिकला खवलेच नाहीत. दिवसभर चोळलंत तरी त्याचं फेल्ट होणार नाही.

पारख सोपी आहे. चिमूटभर तंतू चिमट्यात धरून, वाटीत पाणी जवळ ठेवून, काडी लावा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की बहुधा आपोआप विझते आणि मागे राहिलेली राख बोटात चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो.

खरी असूनही कामाची नसलेली लोकर म्हणजे "सुपरवॉश". मशीनमध्ये धुता यावी म्हणून तिच्या खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे ती आटत नाही. विणायला छान, फेल्टिंगला निरुपयोगी. पट्टीवर "मशीन वॉशेबल" दिसलं तर घेऊ नका.

आता जाडीचा मुद्दा. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. साधारण ३० मायक्रॉनच्या वरचे तंतू कातडीला टोचतात. बाळासाठी १८ ते १९ मायक्रॉनची मेरिनो (बारीक लोकरीच्या मेंढ्यांची एक जात) घ्या. २१ ते २३ मायक्रॉनची मेरिनो बुटांच्या बाहेरच्या थरांना चालते. आपल्याकडे मिळणारी इतकी बारीक लोकर बहुतेक ऑस्ट्रेलियातून येते. बिकानेरच्या बाजारातली स्वस्त लोकर मुख्यतः गालिच्यांची असते, ती बाळाच्या अंगाला लावू नका.

दख्खनी मेंढीच्या लोकरीबद्दल मला नेहमी विचारतात. सांगली, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यातल्या धनगरांकडची ही लोकर जाडीभरडी, काळपट आणि टिकाऊ असते. घोंगडीसाठी तिला तोड नाही. आसन, पिशवी, मोठ्या माणसाच्या सपातेचा तळ यासाठी ती जरूर वापरा, कारण आज ती विकली जात नाही म्हणून फेकून दिली जाते आणि याचं वाईट वाटायला हवं. पण बाळाच्या कातडीला ती नको, आणि पहिल्या कामालाही नको. ती जुळायला फार वेळ घेते आणि नवख्या माणसाचा धीर सुटतो.

लोकर दोन रूपांत मिळते. "टॉप्स" म्हणजे विंचरून सगळे तंतू एका दिशेला केलेला लांब, जाड पेळू. "बॅट" म्हणजे पिंजून केलेली, तंतू सगळीकडे पसरलेली गादी. बॅटचं काम लवकर होतं, पण टॉप्सनी थर एकसारखे घालता येतात आणि वस्तू तलम होते. मी सुरुवात टॉप्सनी करायला सांगते. पहिल्या खेपेला १०० ग्रॅम पांढरी, न रंगवलेली मेरिनो घ्या. तेवढ्यात नमुना, बुटांचा जोड आणि टोपरं बसतं.

२. सामान

बहुतेक गोष्टी घरात असतातच.

- ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा. अंदाजाने लोकर घेऊ नका.
- बबल रॅप, साधारण एक मीटर, फुगे लहान असलेला.
- जुन्या मच्छरदाणीचा किंवा नायलॉनच्या पडद्याचा जाळीदार तुकडा.
- साबण: ऑलिव्ह तेलाचा किंवा साधा, कमी वासाचा अंगाचा साबण, किसून. एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा कीस.
- झाकणाला भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बाटली, पाणी शिंपडायला.
- लाटणं किंवा पीव्हीसी पाइपचा ४० ते ५० सेंटिमीटरचा तुकडा.
- साच्यासाठी, म्हणजे ज्याभोवती लोकर घालायची त्या सपाट आकारासाठी, पॅकिंगची पातळ फोम शीट. नाहीच मिळाली तर जाड प्लॅस्टिक.
- दोन जुने टॉवेल, धारदार कात्री, टेप, कायमच्या शाईचं पेन.
- व्हिनेगर आणि गाळणी.

कपडे धुण्याची पावडर वापरू नका. तिच्यात बहुधा प्रथिनं विरघळवणारी एन्झाइम असतात, आणि लोकर हे प्रथिनच आहे. रिठ्याचाही मोह होतो. लोकर धुवायला रिठा उत्तम, पण त्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि फेल्ट जुळायला थोडं अल्कलीकडे झुकलेलं, म्हणजे साबणाचंच पाणी लागतं.

बोअरचं पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही आणि लोकरीवर पांढरा चिकट साका बसतो. नळाचं पाणी घ्या, किंवा पाणी उकळून, निवळून, पुन्हा कोमट करून वापरा.

काम ओट्याच्या उंचीवर उभ्याने करा. जमिनीवर बसून वाकून केलं तर कंबर धरते. गाळणी कशाला, तर धुताना सुटलेले तंतू मोरीच्या जाळीत अडकून पाणी तुंबतं म्हणून.

३. नमुना करा आणि हिशेब मांडा

सगळी कला याच पायरीत आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

लोकर किती आटेल हे लोकरीची जात, थराची जाडी आणि तुमचा हात या तिघांवर ठरतं. दुसऱ्या कोणाचा आकडा तुम्हाला लागू पडत नाही. म्हणून बुटांसाठी हा नमुना करा: ३० बाय ३० सेंटिमीटरचा चौकोन, २५ ग्रॅम लोकर, चार पातळ थर. पुढे पायरी ५ ते ७ मध्ये सांगितलं आहे तसं त्याचं पूर्ण फेल्ट करा, वाळवा आणि मोजा.

समजा तो २० बाय २० झाला. तर गुणक ३० ÷ २० = १.५. तयार वस्तूचं प्रत्येक माप १.५ ने गुणलं की साच्याचं माप मिळतं. नमुना २२ बाय २० झाला, तर एका दिशेला कमी फिरवलं आहे. लोकर ज्या दिशेला गुंडाळून फिरवतो त्याच दिशेला जास्त आटते. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर वेडंवाकडं झालेलं बरंच काम दुरुस्त करता येतं.

नमुना हातात घेऊन ओढा, दुमडा, गालाला लावा. भुसभुशीत वाटला, बोटाने तंतू निघाले, तर तुम्ही लवकर थांबला आहात. बुटांना लागणारं फेल्ट घट्ट असतं, ओढल्यावर ताणून सैल राहत नाही.

वजनाचा हिशेबही यातूनच निघतो. नमुन्याचं क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर, लोकर २५ ग्रॅम. साच्याच्या दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ काढा, त्याला २५ ने गुणा, ९०० ने भागा. तेवढे ग्रॅम लोकर लागेल.

नमुना टाकून देऊ नका. त्यावर लोकरीचं नाव, वजन आणि गुणक लिहून चिठ्ठी टाचून ठेवा. लोकर बदलली किंवा थर कमी-जास्त केले की नवा नमुना.

४. बुटांचा साचा

दोन बूट वेगवेगळे केले तर कधीच सारखे होत नाहीत. म्हणून जोड एकाच साच्यावर करून शेवटी मधोमध कापायचा.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचं पाऊल साधारण १०.५ सेंटिमीटर असतं. शक्य असेल तर खरं पाऊल मोजा, आणि मूल जन्मायचं असेल तर याच वयाचं माप धरा, कारण तान्हेपणी पाऊल झपाट्याने वाढतं. त्यात हालचालीसाठी आणि फेल्टच्या जाडीसाठी दीड सेंटिमीटर मिळवा: १२. गुणक १.५, म्हणजे साच्यावर पाऊल १८ सेंटिमीटर. तयार बुटाची उंची ८, तर साच्यावर १२. पावलाची जाडी, म्हणजे तळापासून चवड्याच्या वरपर्यंत, ४.५ हवी तर साच्यावर जवळपास ७. घोट्याशी सपाट रुंदी ७.५ हवी, तर साच्यावर ११.

आता फोम शीटवर बुटाचं बाजूने दिसणारं चित्र काढा. त्याच्या वरच्या कडेला जोडून दुसरा बूट उलटा काढा, दोन्हीचे चवडे एकाच दिशेला. मध्ये कापण्यासाठी २ सेंटिमीटर जास्त सोडा. एकूण आकार चौकोनी कंसासारखा दिसेल, लांबी २६ सेंटिमीटर. सगळे कोपरे गोल करा. टोकदार कोपऱ्यात लोकर बसत नाही.

या साच्याच्या दोन्ही बाजू मिळून साधारण ७७० चौरस सेंटिमीटर भरतात, म्हणजे २१ ते २२ ग्रॅम लोकर. ती आधीच साच्याच्या दोन बाजूंसाठी दोन सारख्या ढिगांत वाटा, आणि प्रत्येक ढीग पुन्हा चार थरांसाठी चार वाट्यांत. काम अर्ध्यावर आल्यावर वाटणी करायला गेलं की बुटांची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते.

५. थर घालणं

टेबलावर टॉवेल, त्यावर बबल रॅप, फुगे वरच्या बाजूला. त्यावर साचा.

पेळू डाव्या हातात सैल धरा, उजव्या हाताने टोकाकडचे तंतू चिमटीत घेऊन अलगद ओढा. कात्री लावायची नाही. दोन हातांत वीतभर अंतर ठेवा, कारण मेरिनोचे तंतूच ६ ते ९ सेंटिमीटर लांब असतात आणि हात जवळ असले की दोन्ही टोकं तुम्हीच धरून बसता. हाती येणारा झुपका इतका विरळ हवा की त्यातून टेबल दिसावं.

झुपके कौलं घालतात तसे, एकावर एक थोडे चढवत मांडा. पहिला थर आडवा, दुसरा उभा, तिसरा आडवा, चौथा उभा. दिशा बदलली नाही तर कापड एकाच बाजूला ताणतं. साच्याच्या कडेबाहेर दोन-तीन सेंटिमीटर लोकर जाऊ द्या.

एका बाजूचे दोनच थर झाले की थांबा. जाळी टाका, साबणाचं गरम पाणी मधून कडेकडे शिंपडा, तळहाताने दाबून हवा काढा. कडेची लोकर मात्र कोरडी ठेवा. साचा उलटा करा, बाहेर आलेली लोकर साच्याच्या कडेला घट्ट ओढून आत वळवा आणि या बाजूचे दोन थर घाला. पुन्हा भिजवा, उलटा, कड वळवा. मग दोन्ही बाजूंना उरलेले दोन-दोन थर.

कड वळवताना ती साच्याला चिकटून बसली पाहिजे. सैल राहिली तर तिथे उभी धार तयार होते आणि ती नंतर कशानेही जात नाही. बाळाच्या पायाला ती शिवणीसारखी टोचते.

तळाच्या कडेवर एखादा पातळ झुपका जास्त घाला. झीज तिथेच होते.

६. पाणी, साबण आणि हलका हात

पाणी हाताला सोसवेल इतकं गरम, साधारण ४० ते ४५ अंश. लोकर पूर्ण भिजलेली हवी, पण पाण्यात तरंगता कामा नये. तळ्यात बसल्यासारखी दिसली तर टॉवेलने टिपून घ्या. साबण कमी पडला तर हात अडकतो आणि लोकर ओढली जाते. जास्त झाला तर सगळं नुसतंच घसरतं, घर्षण होत नाही. हात सहज फिरेल पण खाली लोकर जाणवेल, इतकाच साबण.

जाळीवरून पहिली पाच मिनिटं नुसतं कुरवाळल्यासारखं चोळा. जोर लावायची घाई केलीत तर तंतू जाळीतून वर येतात. अधूनमधून जाळी उचलून पाहा आणि अडकली असेल तर सोडवा. हळूहळू दाब वाढवा, उलटा, दुसरी बाजू करा. कडांकडे बोटांनी वेगळं लक्ष द्या, चोळताना नेहमी कडेकडून आत या.

पंधरा-वीस मिनिटांनी चिमटीची परीक्षा घ्या. वरचे तंतू चिमटीत धरून उचला. तंतू सुटे आले तर अजून चोळा. अख्खी कातडी उचलली गेली तर पुढे जा.

७. गुंडाळणं, कापणं, आटवणं

जाळी काढा. बबल रॅपसकट सगळं लाटण्याभोवती गुंडाळा, टॉवेल लपेटा, दोन जागी बांधा आणि हाताच्या कोपरापर्यंतचा भाग वापरून पुढेमागे फिरवा. १०० वेळा. उघडा, सुरकुत्या सारख्या करा, ९० अंशांत वळवा, पुन्हा १००. मग उलटी बाजू, तसंच. चारही दिशा झाल्या की एक फेरी. पाणी गार झालं असेल तर बदला.

दुसऱ्या फेरीच्या आसपास साच्याच्या कडा आत वाकायला लागतील. म्हणजे लोकर साच्यापेक्षा लहान होते आहे आणि कापायची वेळ आली. मध्यावर धारदार कात्रीने कापा, साचा बाहेर काढा. कापलेली कड उघडी, सुट्या थरांची दिसेल. त्या कडेला लगेच साबणाच्या बोटांनी दोन-तीन मिनिटं सगळीकडून चोळा. ती मिटते आणि पुन्हा उसवत नाही. इथेच कापड कापून शिवण्यापेक्षा फेल्ट वेगळं पडतं.

आता बूट उलटे करून आतली बाजू चोळा, साच्याच्या कडेच्या खुणा पुसून टाका. मग दोन्ही बूट हातात मळा, बबल रॅपवर घासा, गरम पाण्यात बुडवून ओट्यावर वीतभर उंचीवरून टाका. इथे लोकर भराभर आटते, म्हणून दर दोन मिनिटांनी फूटपट्टी लावा. लांबी जास्त असेल तर लांबीच्या दिशेने गुंडाळून फिरवा, रुंदी जास्त असेल तर रुंदीच्या. एक बूट मोठा राहिला तर फक्त तोच घ्या. १२ सेंटिमीटर झाले की थांबा. आटलेली लोकर परत सुटत नाही.

८. धुणं आणि आकार

साबण पूर्ण निघेपर्यंत कोमट पाण्यात दाबून धुवा, पिळू नका. शेवटच्या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर घालून पाच मिनिटं ठेवा. साबणाचा अल्कली आत राहिला तर लोकर पुढे कडक आणि ठिसूळ होते, शिवाय बाळाच्या कातडीला तो त्रास देतो. नंतर एकदा साध्या पाण्यातून काढा.

टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. टाचेचा गोलवा अंगठ्याने आतून काढा, चवड्यात कापडाचे बोळे भरा आणि सावलीत वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस लागतात. ओल्या लोकरीला आकार देण्याची ही शेवटची वेळ असते, वाळल्यावर तो तसाच राहतो.

९. टोपरं

पद्धत तीच, थर दोनच. म्हणून २५ ऐवजी १५ ग्रॅमचा दोन थरांचा वेगळा नमुना करा. बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर, तीन महिन्यांनी ४०, सहा महिन्यांनी ४२ ते ४३, वर्षाला ४५ ते ४६ असतो. ४२ घेरासाठी सपाट रुंदी २१, गुणक १.५ आला तर साचा ३१.५ सेंटिमीटर रुंद, वर घुमटासारखा गोल. लोकर साधारण २३ ग्रॅम. खालची कड कापून उघडायची आणि ओलं असतानाच योग्य मापाच्या पातेल्यावर किंवा फुगवलेल्या फुग्यावर चढवून वाळवायचं. कुंचीसारखी मागची झालर हवी असेल तर साच्यालाच एका बाजूला जास्त लांबी ठेवा. नाडी बांधू नका, कारण पुढच्या पायरीत आहे.

१०. बाळाच्या बाबतीत या गोष्टींवर तडजोड नाही

बूट घालण्याआधी प्रत्येक वेळी उलटे करून आतले सुटे तंतू कात्रीने काढा. केस किंवा धागा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडू शकतं. मोठ्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण बालरोगतज्ज्ञांना ते चांगलं माहीत आहे. बाळ कारण नसताना रडत असेल तर आधी पायाची बोटं पाहा.

झोपेत टोपरं नको. बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता बाहेर टाकतं, ती अडली तर अंग तापतं, आणि सैल टोपरं तोंडावर घसरू शकतं. जन्मल्यावर दवाखान्यात डॉक्टरांनी घातलेली टोपी वेगळी. घरी आजी-पणजीचा कान झाकण्याचा आग्रह प्रेमापोटी असतो, तो बाहेर नेताना पाळा आणि झोपवताना काढून ठेवा. पहिलं वर्षभर पाळण्यात लोकरीची खेळणी, उशी असं काहीच सुटं ठेवू नका.

गळ्याशी नाडी, फीत, गोंडा नको. चिकटवलेलं बटण, मणी नको. बाळ सगळं तोंडात घालतं. त्याच कारणाने पहिल्या वस्तू न रंगवलेल्याच ठेवा.

अंगावर खाजरी पुरळ, एक्झिमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोकर घालू नका. कोकणात किंवा मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत हे कपडे काढूच नका. नाशिक, महाबळेश्वर, विदर्भातला डिसेंबर-जानेवारी, किंवा बाळ टोरांटो-म्युनिकला असेल तर तिथला हिवाळा, यासाठी ते आहेत. मानेवर मागून हात लावून पाहा, घाम लागला तर एक थर कमी करा.

फेल्टचा तळ फरशीवर घसरतो. उभं राहू लागलेल्या बाळाच्या बुटाला मऊ चामड्याचा तळ हाताने शिवा. चालायला शिकताना घरात अनवाणी पाय सर्वांत चांगले.

११. बंडी, आणि मोठ्यांचे कपडे

नुसत्या लोकरीचं जाकीट आपल्या हवेत फार उबदार होतं. म्हणून कपड्यांसाठी मी नुनो पद्धत सुचवते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात पॉली स्टर्लिंग आणि साचिको कोताका यांनी ती विकसित केली: विरळ विणीच्या कापडावर लोकरीचा अगदी पातळ थर घालून तंतू कापडातून आरपार न्यायचे. लोकर आटते, कापड आटत नाही, म्हणून त्यावर सुंदर चुण्या पडतात.

आपल्याकडे यासाठी मलमल आहे. आजोबांचं जुनं मलमलीचं धोतर उत्तम. नव्या मलमलीची खळ दोनदा धुऊन पूर्ण काढा, नाहीतर तंतू आत शिरत नाहीत. कापड ओठांना लावून फुंका, हवा सहज पार गेली तर ते चालेल. गुळगुळीत सिंथेटिक जॉर्जेटवर लोकर नीट धरत नाही.

बाळाच्या बंडीसाठी सपाट कापड तयार करा आणि मग बेतून शिवा. मलमलीवर एकच विरळ थर, सुरुवातीला पाणी कोमटच, जेणेकरून आटण्याआधी तंतू कापडातून जातील. मागच्या बाजूला हात फिरवून पाहा, बारीक लव लागली की मग गरम पाणी आणि फिरवणं. मलमलीची बाजू अंगाकडे ठेवा. पुढून उघडणारी बंडी करा म्हणजे डोक्यावरून ओढावी लागत नाही. कडा दुमडायची गरज नाही, त्या उसवत नाहीत.

मोठ्यांचं बिनशिवणीचं जाकीट बुटांसारखंच साच्यावर होतं, फक्त जागेचा विचार आधी करा. छाती ९६ सेंटिमीटर असेल तर अर्धी ४८, सैलपणा ४, म्हणजे ५२. गुणक १.५ धरला तर साचा ७८ सेंटिमीटर रुंद आणि ६० च्या लांबीसाठी ९० लांब. तो स्वयंपाकाच्या ओट्यावर मावत नाही, जेवणाचं टेबल लागतं. शिवाय भिजलेली लोकर जड असते, गुंडाळी फिरवायला दुसरं माणूस हाताशी घ्या. खांद्याला आणि काखेत झुपके जास्त चढवा.

१२. धुणं, ठेवणं, कसर

लोकरीला रोज धुण्याची गरज नसते, रात्रभर हवेशीर ठेवली की वास जातो. धुवायचीच तर गार पाण्यात, लोकरीच्या द्रव साबणाने, न चोळता. मशीन नको, गरम पाणी नको. तुम्ही जे काही करून लोकर आटवली ते सगळं धुताना टाळायचं आहे.

कसर मळलेल्या लोकरीला आधी लागते, म्हणून हिवाळा संपला की धुऊन, कडकडीत वाळवून, झिपच्या पिशवीत बंद करा. शंका असेल तर पिशवी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, अळी मरते. डांबराच्या गोळ्या मात्र बाळाच्या कपड्यांत कधीही घालू नका. त्यातल्या नॅप्थलिनने जी६पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ही कमतरता आहे की नाही हे घरी बहुधा कोणालाच माहीत नसतं. कडुनिंबाचा वाळका पाला पिशवीबाहेर, कपाटाच्या खणात ठेवा.

भोक पडलंच तर त्याच लोकरीचा झुपका वर ठेवून फेल्टिंगच्या काटेरी सुईने दोन्ही बाजूंनी टोचा, मग साबणाच्या पाण्याने तेवढीच जागा चोळा. सुई मोडली तर तिचं टोक सापडेपर्यंत ती वस्तू बाळाजवळ नेऊ नका.